व्यक्तिगत दिवाळखोरी : घर, कर्ज आणि भाड्याची जागा

कर्ज फेडणे आवाक्याबाहेर गेलेल्या व्यक्तीला न्यायालय नादार ठरवते, तेव्हा तिची मालमत्ता न्यायालयाच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तिच्या विक्रीतून धनकोंना हिश्शाने पैसे मिळतात. या कार्यवाहीला कोणी कर्जमाफी समजतो, कोणी शिक्षा. बहुतेक गैरसमज त्यातूनच निघतात.

गैरसमज : २०१६च्या संहितेने जुने कायदे मोडीत काढले.
वस्तुस्थिती : नादारी व दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, पण तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. पगारदार, दुकानदार अशा इतरांना ब्रिटिश काळातलेच कायदे लागू राहिले : मुंबई, कोलकाता व चेन्नई शहरांत १९०९चा, इतरत्र १९२०चा. म्हणून दादरच्या रहिवाशाचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात जातो, पुण्याच्या रहिवाशाचा जिल्हा न्यायालयात.

गैरसमज : दिवाळे काढले की सगळी देणी संपली.
वस्तुस्थिती : सुटका अर्जाने होत नाही, न्यायालयाच्या मुक्तता आदेशाने होते, तो देताना ऋणकोचे वर्तन तपासले जाते. त्यानंतरही सरकारी देणी, फसवणुकीतून झालेले कर्ज आणि न्यायालयाने ठरवलेली पोटगी चुकत नाही. जामीनदारही मोकळा होत नाही. मूळ कर्जदार मुक्त झाला, तरी पतसंस्था जामीनदाराकडे वसुलीला जाऊ शकते.

गैरसमज : गृहकर्जाचे घर नादारीमुळे वाचते.
वस्तुस्थिती : तारणावरचा बँकेचा हक्क अबाधित राहतो. हप्ते थकून खाते बुडीत ठरले, की २००२च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन बँक तारण ताब्यात घेण्याची कारवाई करू शकते. विक्रीतून कर्ज फिटले नाही, तर उरलेल्या रकमेपुरती ती इतर धनकोंच्या रांगेत येते. तारण नसलेला फ्लॅटही सहसा विकला जातो. मुंबईबाहेर शेतकऱ्याच्या राहत्या घराला मात्र जप्तीपासून संरक्षण आहे.

गैरसमज : अंगावरच्या कपड्यांपलीकडे काही उरत नाही.
वस्तुस्थिती : १९२०च्या कायद्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०ची सूट मिळते. कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, भविष्य निर्वाह निधी आणि आयुर्विम्याची रक्कम तीत येते. पोटगी वगळता इतर वसुलीत पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. ३१,००० पगार असेल तर २१,००० रुपयांना हात लागत नाही. मुंबईच्या १९०९च्या कायद्यात मात्र हत्यारे, कपडे, भांडी, सामान अशा वस्तूंची मिळून मर्यादा ३०० रुपये आहे.

गैरसमज : मालमत्ता बायकोच्या नावावर केली की ती वाचली.
वस्तुस्थिती : नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतर रद्द होऊ शकते. पत्नीचे स्त्रीधन आणि तिने स्वतःच्या पैशाने घेतलेली मालमत्ता ही मात्र तिचीच. पतीच्या धनकोंचा तिच्यावर हक्क नसतो.

गैरसमज : नादाराला भाड्याने घर घेता येत नाही, असलेले सोडावे लागते.
वस्तुस्थिती : अशी बंदी कोणत्याही कायद्यात नाही. भाडेनियंत्रण कायदा लागू असलेल्या निवासी जागेतला भाडेकरूचा हक्क कलम ६०प्रमाणे जप्त होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडे थकले तरी मालकाला आधी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते, मगच दावा करता येतो. ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्याला हे संरक्षण नाही, त्याचे राहणे नोंदणीकृत कराराच्या अटी आणि मुदतीवर चालते. नवी जागा द्यायची की नाही, हे घरमालक ठरवतो. कर्जाचा इतिहास पाहून तो नकार देऊ शकतो. आधी भरलेली अनामत ही नादाराची येणी रक्कम असल्याने तीही मालमत्तेच्या हिशेबात धरली जाते.

गैरसमज : नादार ठरणे हा गुन्हा आहे.
वस्तुस्थिती : कर्ज न फिटणे हा गुन्हा नाही, मालमत्ता लपवणे किंवा हिशेबाच्या वह्या नष्ट करणे हा आहे. मुक्तता होईपर्यंत नादारी न सांगता ५० रुपये किंवा अधिक उधार घेणेही शिक्षापात्र ठरते. याच काळात संविधानाच्या अनुच्छेद १०२ आणि १९१ प्रमाणे त्या व्यक्तीला संसद किंवा विधिमंडळाचे सदस्य होता येत नाही. मुक्तता आदेशाने ही अपात्रता संपते.