रस्ता बघून वाजवणारी माणसं

गणेश चतुर्थीची सकाळ. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. कुणाच्या डोक्यावर पाट, कुणाच्या हातात मूर्ती, बाप्पाच्या तोंडावर रुमाल. घरोघरचे गणपती निघालेत. भाद्रपदाची एक सर येते, प्लास्टिकचे कागद उघडेपर्यंत निघूनही जाते. या गर्दीतून एक गाडा हळूहळू पुढं सरकतो आहे. गाड्यावर बॅटरी, अ‍ॅम्प्लिफायर, दोन कर्णे आणि भोवती पाच वाजवणारे. तालमीच्या कट्ट्यावर मिसरूड फुटायच्या वयात जमलेली ही बेंजो पार्टी. आता त्यांच्यातला सगळ्यात धाकटाही साठीपलीकडं गेलाय.

मधे मामा. बेंजो गळ्यात, डाव्या हाताची बोटं टाईपरायटरसारख्या कळांवर, उजव्या हातात नखी. कळ दाबली की तार दबते, नखी तिला छेडते आणि पिकअप तो सूर कर्ण्यापर्यंत पोचवतो. १९१२ साली जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य घडवलं. तेच आपल्याकडं येऊन बुलबुल तरंग झालं, आणि त्याला वीज जोडली तेव्हा रस्त्यावरचा बेंजो झाला. गिटारलाही विजेनंच असा मोठा आवाज दिला. म्हणून मला ही पार्टी कोल्हापूरचा रॉक बँडच वाटते. मामांच्या बेंजोच्या दोन कळा मूळच्या नाहीत. उद्यमनगरात लेथवर उमर काढलेल्या या माणसानं त्या स्वतः घडवल्यात.

ताशावर आण्णा आहेत. मनगटाला पट्टी बांधलेली. त्यांची तर्री आता लांबत नाही. चार काड्या पडतात आणि हात थांबतो, पण त्या चार नेमक्या जागेवर पडतात. ढोलवाले तात्या त्यांच्या खांद्याकडं बघून ठोका धरतात. मामाही अंतऱ्यातल्या काही जागा मोकळ्या सोडतात, आणि बघावं तर त्या जागा गल्लीतली माणसं गाऊन भरतायत. दम कमी झाला तशी या पाचांची एकमेकांकडं बघण्याची सवय वाढली आहे. वाजवण्यातला सगळा जीव आता तिथं आहे.

समोरून एक म्हातारे गृहस्थ येतात. छातीशी मूर्ती, धोतराला नातवाची मूठ, पुढ्यात चिखलाचा खड्डा. मामा मान किंचित तिरकी करतात. आण्णांची काडी मंदावते, ढोल उतरतो, नाचणारी पोरं आपोआप बाजूला होतात. आजोबा खड्डा ओलांडतात, तसा ताशा पुन्हा चढतो. कुणी कुणाला एक शब्द बोललेलं नाही.

“मामा, बसा की जरा. चहा सांगतो,” मंडळाचा एक पोरगा म्हणतो.

“चालतंय तवर चालू दे रं. बसलो की हात गार पडत्यात.”

गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथं ट्रॅक्टरवर डॉल्बी उभी आहे. ती सुरू होते आणि दुकानाची शटरं थरथरतात. एक बाई कडेवरच्या लेकराचे कान झाकून मागं फिरते. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. पण आकड्यापेक्षा मला दुसरी गोष्ट टोचते. त्या भिंतीएवढ्या खोक्यांना समोरचं लेकरू दिसत नाही. मामांना दिसतं. ते नखी खिशात ठेवतात, आण्णा काड्या काखेत धरतात आणि पाचही जण पानपट्टीच्या आडोशाला उभे राहतात. चिडचिड कुणाच्या तोंडावर नाही. थकवा आहे.

लंडनचे रोलिंग स्टोन्स हे रॉक बँडवाले १९६२ पासून वाजवतायत. ऐंशीच्या घरातही त्यांच्यासाठी मैदानं भरतात, कारण ऐकणाऱ्यांनी त्यांना सोडलेलं नाही. इथं सारं सुपारीवर अवलंबून. मंडळाच्या बैठकीत कुणी नाव काढलं तर पार्टी रस्त्यावर येते, नाहीतर बेंजो माळ्यावर.

डॉल्बी थांबते. मघाचा पोरगा परत येतो.

“मामा, विसर्जनाला याल का?”

“येतो की. पर डॉल्बीच्या म्होरं उभं करू नगंस.”

पोरगा तिथूनच अध्यक्षांना फोन लावतो. मला त्या पोराचं मनापासून कौतुक वाटतं. पण एका सुपारीवर भागणार नाही. पेठापेठांतल्या मंडळांनी या माणसांना मानाची जागा आणि डॉल्बीच्या तोडीची बिदागी द्यावी, आणि प्रत्येक तालमीनं निदान एक पोर मामांसारख्यांच्या शेजारी शिकायला बसवावं. वाद्य बाजारात मिळेल. गर्दीतला म्हातारा ओळखून ठेका उतरवायची नजर मात्र या हातांकडूनच शिकावी लागेल, आणि ती शिकायची वेळ आत्ताची आहे.