नळीवरचं नाव

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

इथं रक्त द्यायला खुर्चीत बसलं की सुईच्या आधी प्रश्न येतो : पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा. ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारायचं नसतं, कारण घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस त्याला सहज ‘हो’ म्हणून जातो. नळ्या भरायचा क्रमही ठरलेला. निळ्या बुचाची आधी, मग पिवळ्या, जांभळी त्यानंतर. जांभळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचा क्षार असतो. तो सुईवाटे पुढच्या नळीत उतरला तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. आणि चिठ्ठी लागते ती माझ्यादेखत, मी खुर्चीतून उठायच्या आधी.

परवा ते पाहताना मला मुकुंदवाडीतलं आमचं घर आठवलं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आईचं रक्त न्यायला एक मुलगा आला. नळ्या त्याने शर्टाच्या खिशात टाकल्या, ‘नाव तिकडं गेल्यावर टाकतो’ म्हणाला आणि जालना रोडने आणखी घरं घेत गेला. संध्याकाळी फोन आला : पोटॅशियम फार वाढलंय, ताबडतोब दाखल करा. रात्र दवाखान्यात गेली. तिथं पुन्हा तपासलं तर सगळं नॉर्मल. रक्त हिंदकळून तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. तसं झालं असेल, किंवा ती नळी आईची नसेलही. नळीवर नावच नव्हतं, तर सांगणार कोण? त्या मुलावर माझा राग नाही. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायलाच हवं असं मालकाला कुणी बजावलं नव्हतं.

इथली माणसं जात्याच काटेकोर आहेत असा समज करून घेऊ नका. 1999 साली, इथून खाडीपलीकडच्या पालो आल्टोत रक्त घेणाऱ्या एका कर्मचाऱ्याने वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याचं उघड झालं. हजारो लोकांना एचआयव्ही आणि काविळीच्या तपासणीला बोलवावं लागलं. त्यानंतर कॅलिफोर्नियाने रक्त घेणाऱ्याला परवाना सक्तीचा केला. नवख्याला 40 तास वर्ग, 40 तास प्रत्यक्ष काम, शिरेतून किमान 50 वेळा आणि बोटातून 10 वेळा रक्त घेतल्याचा दाखला, वर परीक्षा. अमेरिकेत असा परवाना मागणारी राज्यं मात्र चारच आहेत, हेही सांगायला हवं.

प्रयोगशाळांचा कायदा देशभर एकच, 1988 सालचा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्या चुकीच्या वाचल्या गेल्या, बायका दगावल्या, वर्तमानपत्रांनी ते लावून धरलं, तेव्हा तो झाला. त्यातली मला सर्वांत पटणारी गोष्ट अशी : बाहेरची संस्था वर्षातून तीनदा उत्तर माहीत नसलेले नमुने पाठवते, आणि ते रोजच्या रुग्णांच्या नमुन्यांसारखेच तपासायचे. उत्तर जुळवायला जाणूनबुजून दुसऱ्या लॅबकडे धाडले तर परवाना जाऊ शकतो. थेरॅनोसची लॅब आमच्या शेजारच्या नेवार्कमध्येच होती. थेंबभर रक्तात शेकडो तपासण्या करू म्हणणाऱ्या त्या कंपनीवर 2016 साली याच कायद्याने बडगा उगारला. पण तोवर कित्येकांनी तिचे रिपोर्ट खरे मानले होते.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितलं की रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. निकाल मोलाचा आहे. पण सही कागदाच्या तळाशी असते, चूक बहुतेकदा पलंगाशेजारी झालेली असते. लॅबना मिळणारं एनएबीएलचं मानांकन ऐच्छिक आहे. दवाखाने आणि लॅबच्या नोंदणीचा केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे, 1995 पासून वैद्यकीय सेवाही त्यात येते. पण बिननावाच्या नळीचा पुरावा तिथं काय मांडायचा? खिशातली नळी बंद व्हायची तर रक्त घेणाऱ्या हातालाच शिक्षण आणि नोंदणी सक्तीची हवी, आणि ती मुकुंदवाडीच्या गल्लीतल्या लॅबपर्यंत पोचायला हवी.

गेल्या महिन्यात आईचं रक्त पुन्हा न्यायचं होतं. तिने मुलाला पलंगाशेजारी बसवलं, पेन हातात दिलं आणि नाव इथंच टाक म्हणाली. मग चष्मा लावून वाचलं. वय चुकलं होतं, ते दुरुस्त करायला लावलं.