विमानाचं चाक दगा देतं तेव्हा…

'आई, मला पायलट व्हायचंय!' असं लेकीनं म्हटलं की आपल्याला कौतुक वाटतं आणि पोटात गोळाही येतो. खरं ना? त्यातून पेपरात 'शिकाऊ विमानाचं चाक निखळलं' अशी बातमी वाचली, की बारामतीला किंवा गोंदियाला शिकणाऱ्या मुलीच्या आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून मैत्रिणींनो, ही भानगड नेमकी काय असते ते आज समजून घेऊ या.

सेस्ना १५२ किंवा १७२ यांसारख्या शिकाऊ विमानांची चाकं बहुधा पक्की बसवलेली असतात, आत ओढली जात नाहीत. जितके सुटे भाग कमी, तितकी बिघाडाची धास्ती कमी! पण नवशिक्या हातांनी ही विमानं दिवसातून कितीदा तरी धप्पकन जमिनीवर टेकतात. त्यात पुढचं चाक सगळ्यांत नाजूक. विमान नाकावर आपटलं, की ते वाकतं किंवा मोडतं.

पुढच्या टप्प्यावरच्या पायपर अॅरोसारख्या विमानांत चाकं पोटात मिटतात. ती खाली येऊन पक्की बसली, की समोर तीन हिरवे दिवे लागतात. एखादा लागला नाही, तर? चाक अडकलंय, की नुसता बल्बच गेलाय? घाई न करता विमान पुन्हा वर न्यायचं, बल्ब तपासायचा, चाकं सोडण्याची संकटकाळची सोय वापरायची. कंट्रोल टॉवरजवळून उडत गेलं, की खालची माणसं दुर्बिणीतून चाकं पाहून सांगतात.

तरीही चाक आलंच नाही, तर विमान त्याशिवाय उतरवायचं. टेकण्याच्या बेतात पेट्रोल आणि वीज बंद करायची, जसं गळतीचा वास येताच आपण गॅसचा रेग्युलेटर बंद करतो, तसंच. धक्क्यानं दार अडकून बसू नये म्हणून ते आधीच किलकिलं करून ठेवायचं. चांगल्या चाकावर विमान अलगद टेकवून मोडकी बाजू जमेल तितका वेळ उचलून धरायची. अशा विमानाचा टेकतानाचा वेग ताशी ८०-१०० किलोमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे पंखा वाकतो, पत्रा खरचटतो, दुरुस्तीचं बिल डोळे पांढरे करतं. पण आतलं माणूस बहुतेक वेळा आपल्या पायांनी चालत बाहेर येतं.

सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बेव्हर्ली इथं हेच घडलं. सतरा वर्षांची शिकाऊ मुलगी विमानात एकटीच होती आणि उडतानाच तिचं एक मुख्य चाक निखळून पडलं. जमिनीवरून तिच्या शिक्षकांनी रेडिओवर धीर दिला, एकेक पायरी सांगितली. पोरीनं विमान सुखरूप उतरवलं!

उलट उदाहरणही ध्यानात ठेवा. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या मोठ्या प्रवासी विमानात पुढच्या चाकाचा दिवा लागेना. सगळे अनुभवी वैमानिक त्या बल्बमागे लागले. इकडे विमान हळूहळू खाली चाललंय, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. ते दलदलीत कोसळलं, १०१ माणसं गेली. बल्ब जळाला होता, एवढंच! वैमानिकांना शिकवतातच, 'आधी विमान उडव, मग बाकीचं बघ.' एकीकडे फोनवर बोलताना दुधाकडे लक्ष ठेवणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा लेकीला प्रवेश घेताना फक्त फी विचारू नका. विमानांची तपासणी कधी होते, जोरात टेकलेलं विमान पुन्हा उडवण्याआधी कोण पाहतं, विद्यार्थ्यानं तक्रार केली तर ऐकतात की दटावतात, हेही विचारा. विचारायला लाजू नका. जीव आपल्या पोरीचा आहे.

आणि एखाद्या संध्याकाळी तिनं फोनवर सांगितलं, 'आई, आज चाकाची शंका आली म्हणून मी उड्डाणच रद्द केलं,' तर 'अगं, तास वाया गेला, पैसे गेले!' असं म्हणू नका. 'शाब्बास,' एवढंच म्हणा.