गुरसरायची मोहर आणि वाशिमचा खटला

4 मे 2023 रोजी झाशी जिल्ह्यात एकाच निवडणुकीसाठी दोन वेगवेगळ्या युगांतलं मतदान चाललं होतं. झाशी शहरात महानगरपालिका, तिथल्या भाषेत नगर निगम. त्यामुळे महापौर आणि पार्षद निवडायला मतदान यंत्रं. त्याच जिल्ह्यातल्या गुरसरायला मात्र नगर पालिका परिषद, आणि उत्तर प्रदेशात पालिका परिषदांचं मतदान तेव्हा कागदावर झालं. मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका पडल्या. एक अध्यक्षासाठी, दुसरी प्रभागाच्या सदस्यासाठी. लोकांच्या तोंडी शब्द चेअरमन आणि सभासद.

कागद म्हणजे मागासलेपण, असं मला वाटायचं. मग मतपत्रिकेवर उमटवायच्या शिक्क्याकडे नीट पाहिलं. कागदी मतदानासाठी आपल्याकडे रूढ झालेल्या शिक्क्यावर एकाच दिशेने फिरणारे बाण असतात. साधी फुली किंवा गोल टिंब का नाही? मतदार ओल्या शाईचा शिक्का मारतो, कागद दुमडतो आणि शाई समोरच्या बाजूला उमटते. मतमोजणीच्या टेबलावर मग एकाच मतपत्रिकेवर दोन खुणा दिसतात. दोन उमेदवारांना मत, म्हणून पत्रिका बाद? फुली आरशातही फुलीच दिसते, पण फिरत्या बाणांचं तसं नाही. दुमडण्याने उमटलेल्या खुणेत ते उलट्या दिशेने फिरतात. मोजणाऱ्याने नुसतं पाहिलं तरी अस्सल खूण कुठली आणि डाग कुठला हे कळतं. मतपत्रिका आधी उभी दुमडा, मग आडवी, असं सांगतात तेही याचसाठी. उभ्या घडीत शाई सांडली तरी त्याच उमेदवाराच्या ओळीत सांडते. ना वीज, ना बॅटरी, आणि तरी चूक पकडण्याची सोय रबराच्या एका तुकड्यात कोरलेली! ज्याने कुणी हे योजलं त्याला मनोमन नमस्कार.

आता हे गुरसराय कुठलं, आणि मराठी वाचकाला त्याचं काय, असं कुणी विचारेल. झाशीच्या पूर्वेला, गरौठा तहसिलीतलं हे गाव. छत्रसालाने बाजीरावाला आपल्या राज्याचा हिस्सा दिला, त्या वाटेने बुंदेलखंडात मराठी माणसं गेली आणि तिथलीच झाली. गुरसरायचे जहागीरदारही त्यांतलेच; तिकडे त्यांना दक्खिनी पंडित म्हणत. गावाशी जोडलेलं खेर हे आडनाव आजही तिथल्या इंटर कॉलेजच्या पाटीवर आहे, फक्त हिंदी वर्तमानपत्रं ते ‘खैर’ असं छापतात.

याच भागातले आत्माराम गोविंद खेर 1946 नंतर गोविंद वल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात होते, आणि त्यांच्याकडे खातं होतं स्थानिक स्वराज्याचं. उत्तर प्रदेशाचा पंचायत राज कायदा 1947 चा, म्हणजे याच मंत्रिमंडळाच्या काळातला. पुढे 1952 ते 1962 आणि पुन्हा 1969 ते 1974 खेर विधानसभेचे अध्यक्ष होते. 1958 ते 1964 या काळात विधान परिषदेचे सभापती होते झाशीचे रघुनाथ विनायक धुळेकर. म्हणजे जवळजवळ चार वर्षं लोकसंख्येने देशातल्या सर्वांत मोठ्या राज्याच्या दोन्ही सभागृहांत ‘शांत बसा’ म्हणण्याचा अधिकार झाशीकडच्या दोन मराठी आडनावांकडे होता. आपल्या शालेय पुस्तकांत झाशी 1858 ला संपते, म्हणून हे कानावर येत नाही.

गुरसरायचा मतदार आपला चेअरमन थेट निवडतो. उत्तर प्रदेशात लखनौ-कानपूरचे महापौरही तसेच निवडतात. मुंबई-पुण्याच्या मतदाराला हा हक्क नाही. तो नगरसेवक निवडतो आणि महापौर ठरवतात ते नगरसेवक. एकाच देशात हा फरक कसा? 1 जून 1993 पासून लागू झालेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने पालिकांना पाच वर्षांची मुदत दिली, स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या, सदस्य थेट मतदानाने निवडायला सांगितलं. पण प्रमुख कसा निवडायचा हे तिने ठरवलंच नाही. 243 आर या अनुच्छेदात ती बाब राज्याच्या विधिमंडळावर सोडली आहे.

त्या मोकळ्या दारातून महाराष्ट्र किती वेळा आत-बाहेर झाला ते बघा. 2001 मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून. 2006 मध्ये पुन्हा नगरसेवकांतून. 2016 ला थेट, 2020 ला रद्द, 2022 ला परत थेट. सत्ता बदलली की पद्धत बदलली, आणि दर वेळी कारण लोकशाहीचंच दिलं गेलं! थेट निवडीची गोम अशी की अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, हे सहज घडतं. दोन मतपत्रिका म्हणजे दोन स्वतंत्र निर्णय. सभासद म्हणून हाकेला ओ देणारा शेजारी, चेअरमन म्हणून वजनदार माणूस, अशी वाटणी मतदार अगदी शांतपणे करतो. नगरसेवकांतून निवड केली तर हे भांडण टळतं, पण मग फोडाफोडीला ऊत येतो. मला विचाराल तर पहिलं भांडण परवडलं, कारण ते निदान सगळ्यांसमोर होतं.

आणि आता वाशिम. गुरसरायचं हे मतदान खरं तर मे महिन्याच्या बरंच आधी व्हायला हवं होतं. अडकलं ते विदर्भातल्या एका खटल्यामुळे. वाशिम, अकोला, नागपूर, भंडारा, गोंदिया या जिल्हा परिषदांमध्ये राखीव जागा पन्नास टक्क्यांच्या पुढे गेल्या होत्या. ‘विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात 4 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी कसोटी ठाम केली: मागासलेपण तपासायला वेगळा आयोग नेमा, त्याच्या आधारे प्रत्येक संस्थेत किती जागा ते ठरवा, आणि सगळं आरक्षण मिळून पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका.

ही कसोटी साऱ्या देशाला लागू झाली. उत्तर प्रदेशाने ती न पाळताच आरक्षणाची यादी काढली, आणि 27 डिसेंबर 2022 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने ती रद्द केली. सरकारने घाईघाईने निवृत्त न्यायमूर्ती राम अवतार सिंह यांचा पाच जणांचा आयोग नेमला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, मार्चमध्ये अहवाल आला आणि त्याच महिन्याच्या 27 तारखेला परवानगी मिळाली. मे महिन्यात 760 संस्थांचं मतदान दोन टप्प्यांत उरकलंसुद्धा.

ज्या राज्यातून खटला निघाला तिथे काय झालं? ओबीसी आरक्षण, जोडीला प्रभागरचनेचे वाद, आणि प्रशासकांचं राज्य. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कान धरल्यावर नगरपरिषदांचं मतदान त्या डिसेंबरात सुरू झालं आणि मुंबईसह 29 महानगरपालिकांचं 15 जानेवारी 2026 ला झालं. तोवर गुरसरायच्या चेअरमनची निम्म्याहून अधिक मुदत संपली होती.