आधी वजाबाकी, मग विसार

रविवारच्या वर्तमानपत्रात बातमीचे पहिले पान गाठण्याआधी हल्ली जाहिरातींची पाने उलटावी लागतात. डोंगर, धरणाचे पाणी, हिरवळीवर बागडणारे चौकोनी कुटुंब आणि खाली ठळक अक्षरांत शुभारंभाचा दर. त्यातच ऑफिसातल्या एखाद्या ज्येष्ठाने पंचवीस वर्षांपूर्वी चार-पाच लाखांत घेतलेल्या फ्लॅटची आजची किंमत जेवणाच्या सुट्टीत ऐकवलेली असते. हाती थोडी पुंजी जमलेल्या तिशीतल्या माणसाला एवढे पुरते. ‘जागेत घातलेला पैसा बुडत नाही’ हे तर तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो.

बुडतो. बहुतेक वेळा तो घेतानाच बुडालेला असतो. कळते मात्र विकायला निघाल्यावर. म्हणून नवख्याने सुरुवात साईट पाहण्यापासून करू नये, वहीतल्या आकडेमोडीपासून करावी.

साठ लाखांचा फ्लॅट, खरा कितीचा?

राहायचे घर वेगळे आणि गुंतवणुकीचे वेगळे. राहत्या घराचा हिशेब मनाशी असतो; भाड्याच्या घराचा हिशेब फक्त पैशांशी. नमुन्यादाखल पुण्यातला 60 लाखांचा, तयार इमारतीतला फ्लॅट घेऊ. मुद्रांक शुल्क सर्व अधिभारांसह 7 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार. नोंदणी शुल्क 1 टक्का असले तरी त्याला 30 हजारांची मर्यादा आहे. दलाली एक टक्का धरली तर 60 हजार. घराची किल्ली हातात येईपर्यंत 65 लाख 10 हजार गेले. घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तेवढाच दिलासा. बांधकाम चालू असलेले घर घेतले तर वर जीएसटी लागतो; परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसल्यास 1 टक्का, एरवी 5 टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीत तो लागत नाही.

आता भाडे महिना 16 हजार धरू. भाडेकरू बदलताना वर्षातून एखादा महिना घर रिकामे राहतेच, म्हणून अकरा महिन्यांचे 1 लाख 76 हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च 30 हजार, मालमत्ता कर 10 हजार, रंगरंगोटी नि डागडुजीचे 10 हजार वजा केले की उरले 1 लाख 26 हजार. गुंतवलेल्या रकमेवर हे दोन टक्केही होत नाहीत.

कर्ज काढले तर? 48 लाखांचे कर्ज, 20 वर्षे, साडेआठ टक्के व्याज. हप्ता साधारण 41,650 रुपये. भाडे 16 हजार. म्हणजे दरमहा पंचवीस हजारांहून अधिक खिशातून घालायचे. पाच वर्षांत व्याजापोटी सुमारे 19 लाख 30 हजार जातात. घराची किंमत दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढली असे मानले तर पाच वर्षांनी ती साडेशहात्तर लाख होते. सुरुवातीला गेलेल्या 65 लाख 10 हजारांवरची वाढ आणि पाच वर्षांचे निव्वळ भाडे यांच्या बेरजेतून व्याज वजा केले की दीड लाखाचा तोटा दिसतो. भाडे दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढवले तरी तो पुरता भरून निघत नाही. रोख पैसे देऊन घेतले असते तरी परतावा वर्षाला जेमतेम पाच टक्के.

याचा अर्थ घर घेऊच नये असा नाही. मेट्रोचे स्थानक, नवे पूल, कंपन्यांची वस्ती यांमुळे किंमत आठ-दहा टक्क्यांनी वाढली तर चित्र पालटते. पण मग आपण भाड्यावर नव्हे, त्या वाढीवर पैसे लावतो आहोत, हे स्वतःशी कबूल केलेले बरे.

भाड्याने देताना लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

गुंठ्याची भुरळ

फ्लॅट आवाक्याबाहेर गेला की नजर वळते गुंठ्याकडे. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. मुळशी, कर्जत, मुरबाडच्या वाटेवर असे तुकडे विकणाऱ्यांचे फलक पावलोपावली दिसतात. इथे दोन कायदे आडवे येतात. कुळकायद्याच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आणि 1947 चा तुकडेबंदी कायदा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडू देत नाही. त्यात अधूनमधून सवलती दिल्या जातात, पण त्या आपल्या गटाला लागू आहेत का, हे तलाठ्याकडे आणि वकिलाकडे विचारावे, एजंटाकडे नाही.

‘सातबारा तुमच्या नावावर’ या आश्वासनात पुष्कळदा मेख असते. एका गटाच्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस खरेदीदारांची नावे सामाईक चढतात. कुंपण कुठे घालायचे हे तोंडी ठरलेले असते, स्वतंत्र मोजणी नकाशा नसतो. मग विकताना बाकीच्यांच्या सह्या मागण्याची वेळ येते.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो. तो हाती आला की सरळ ‘इतर हक्क’ या भागाकडे जावे. बँकेचा किंवा विकास सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, हक्क न सोडलेल्या बहिणींची नावे, सगळे तिथे बसलेले असते. भूधारणा पद्धतीपुढे ‘भोगवटादार वर्ग 2’ असे दिसले तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. प्रलंबित फेरफार आहे का, तेही पाहावे. मग जुने फेरफार, झोन दाखला, बिगरशेती आदेश आणि जागेपर्यंत जाणारा रस्ता कागदावर आहे की केवळ शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर, हे तपासावे.

महारेराचा उपयोग

बिल्डरकडून घेताना नवख्याच्या हाती 1 मे 2017 पासून एक साधन आले आहे. भूखंड 500 चौरस मीटरहून मोठा आणि सदनिका आठांहून जास्त असतील तर प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी सक्तीची आहे. प्लॉट पाडून विकणाऱ्यांनाही ती लागू आहे. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड असावा लागतो. तो स्कॅन केला की मंजूर नकाशे, पूर्णत्वाची कबूल केलेली तारीख, चालू खटले, विकलेल्या सदनिका असा तपशील मोबाइलवर उघडतो. मुदतवाढ कितीदा घेतली हे जरूर बघावे. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी 70 टक्के बिल्डरने वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्चायचे असतात. करार नोंदवल्याशिवाय त्याला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. भाव नेहमी चटई क्षेत्रावर काढावा. नोंदणी क्रमांक म्हणजे प्रकल्प वेळेत पुरा होण्याची हमी मात्र नव्हे.

थोडक्या रकमेत

विटा-सिमेंटची दगदग न घेता भाड्याच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर रीट, म्हणजे रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट, हा मार्ग आहे. सेबीने 2014 मध्ये त्याचे नियम केले, आणि देशातले पहिले रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, 2019 मध्ये शेअर बाजारात आले. पुढे माइंडस्पेस, ब्रुकफिल्ड आणि मॉलचे नेक्सस सिलेक्ट आले. किमान 80 टक्के मालमत्ता पूर्ण बांधलेली, उत्पन्न देणारी असावी आणि वाटपयोग्य रोखीपैकी किमान 90 टक्के युनिटधारकांना द्यावी, असे बंधन आहे. ऐरोलीतली कार्यालये किंवा सीवूड्सचा मॉल यांच्या भाड्यातला कणभर वाटा असा काही शे-हजारांत घेता येतो, आणि नको झाला की बाजार चालू असताना विकता येतो. भाव खाली-वर होतात, हा धोका इथेही आहेच.

पहिली दोन वर्षे रीटमध्ये थोडे पैसे घालून भाडे, रिकामी जागा, व्याजदर यांचे नाते समजून घ्यावे. तेवढ्यात प्रत्यक्ष जागेसाठी लागणारी स्वतःची रक्कमही साठते. जागा पसंत पडली की वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल काढून घ्यावा. काही हजारांत तो होतो. आणि ‘आजच टोकन द्या, उद्या दर वाढणार’ म्हणत जो विक्रेता तेवढी सवडही देत नाही, त्याची जागा कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी.