मॅथिल्डची मागची बाजू

पहिल्यांदा ती फाइल उघडली तेव्हा मॅथिल्ड कुणीतरी वर बसल्यासारखी चेपलेली दिसली. लघुग्रह वेडेवाकडे असतात हे ऐकून होतो, त्यामुळे त्या चपटेपणाचं मी कौतुकही करून घेतलं. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची माहिती वाचली आणि घोटाळा कळला. नासाच्या ‘निअर’ यानावरच्या त्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे ५३७ आणि उभे २४४ ठिपके असतात, पण ठिपका चौरस नसतो. रुंदीपेक्षा उंची जवळपास १.७ पट. माझ्या लॅपटॉपनं तो चौरस धरला होता. चित्राला उभा ताण दिला आणि बाई सरळ झाल्या.

‘बाई’ म्हणायला आधार आहे. योहान पालिसा यांनी १८८५ साली व्हिएन्नाहून हा लघुग्रह शोधला, आणि त्याला नाव मिळालं पॅरिस वेधशाळेतल्या मॉरिस लवी यांच्या पत्नीचं. पुढची ११२ वर्षं दुर्बिणीतून दिसला तो प्रकाशाचा एक ठिपकाच. २७ जून १९९७ ला ‘निअर’ एरॉस या दुसऱ्याच लघुग्रहाकडे निघालेलं असताना वाटेत मॅथिल्डपासून १,२१२ किलोमीटरवरून गेलं, सेकंदाला जवळपास १० किलोमीटर वेगानं. मुख्य चित्रीकरणाला मिळाली साधारण पंचवीस मिनिटं. कॅमेरा यानाला घट्ट बसवलेला, मान वळवायची सोय नाही. म्हणजे वळायचं तर अख्ख्या यानानं. तरीही पाचशेहून जास्त चित्रं हाती आली.

ती ओळीनं पाहण्यात मजा आहे. सूर्य मॅथिल्डच्या पलीकडे होता, त्यामुळे सुरुवातीला दिसते ती चतुर्थीच्या चंद्राएवढी कोर. मग ती भरत जाते. ती भरते ती यान पुढे सरकतं म्हणून, मॅथिल्ड फिरते म्हणून नव्हे. तिला स्वतःभोवती एक फेरी घालायला १७.४ दिवस लागतात. पंचवीस मिनिटांत ती अर्धा अंशसुद्धा वळली नाही. इतर लघुग्रह काही तासांत गिरकी घेऊन चारी बाजू दाखवतात. हिनं जेवढं तोंड दाखवलं तेवढंच.

चार चित्रं जोडून केलेलं एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यात मॅथिल्डचा ५९ बाय ४७ किलोमीटरचा भाग दिसतो. मी तो ११८ मिलिमीटर रुंद छापून घेतला, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर तिथला अर्धा किलोमीटर. मग पट्टी, बारीक टोकाची पेन्सिल आणि सावल्या. हिशेब शाळेतलाच. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल तर सावली विवराच्या खोलीइतकी पडते. २० अंशांवर असेल तर खोलीच्या पावणेतीन पट. चित्राच्या मधोमध एक काळंकुट्ट विवर आहे. चित्र प्रसिद्ध करताना त्याची खोली १० किलोमीटरहून जास्त असल्याचा अंदाज दिला होता.

इथे माझी पट्टी अडली. क्षितिज कुठलं? पृथ्वीवर विवराचा काठ सपाट जमिनीवर असतो. मॅथिल्डची सरासरी जाडी आहे ५३ किलोमीटर आणि तिच्यावरचं सर्वांत मोठं विवर, कारू, ३३ किलोमीटरचं. अशा विवराच्या एका काठावर ‘वर’ म्हणजे जी दिशा, ती दुसऱ्या काठावर भलतीकडेच जाते.

शेवटी स्वयंपाकघरातून आठ सेंटिमीटरचा, बऱ्यापैकी गोल बटाटा आणला. त्याच प्रमाणात पाच सेंटिमीटर रुंदीचा सरळ काप घेतला. कापाची जाडी भरली नऊ मिलिमीटर. मॅथिल्डच्या मापात ते होतात सहा किलोमीटर. म्हणजे खड्डा अजिबात न खणता, नुसती सपाट चकती उडवली तरी मूळ गोलाच्या पृष्ठापासून सहा किलोमीटर ‘खोली’ तयार! खोलीचा आकडा कुणीही सांगितला की आधी विचारावं, कुठून मोजली?

खोलीतले दिवे मालवून बाजूनं टॉर्च धरला तर आणखी गंमत. उजेडाकडे पाठ असलेला तो सपाट काप पुरता काळा पडला आणि थेट खोल खड्ड्यासारखा दिसू लागला. त्यातलं खरंखोटं उघडं पडलं ते बटाटा फिरवून तो भाग कडेला आणल्यावर. आकाशाच्या काळ्या पडद्यावर उमटणारी कड सावलीसारखी फसवत नाही. लघुग्रहाचा आकार बसवताना प्रत्येक चित्रातली ही कड आखून घेतात, ती का, हे मला तेव्हा कळलं. मॅथिल्डची कडही गोल नाही, कोनाकोनांची आहे. कडेला आलेल्या मोठ्या विवरांनी तिचे लचके तोडलेत.

रंगाचीही अशीच फसगत होते. चित्रात ती मस्त राखाडी दिसते, कारण उजळवलेली असते. प्रत्यक्षात अंगावर पडलेल्या उजेडातला जेमतेम चार टक्के ती परत पाठवते. म्हणूनच तिच्या विवरांना जगभरच्या कोळसाखाणींच्या प्रदेशांची नावं दिली, आणि त्यात आपलं दामोदरही आहे. तिची घनता पाण्याच्या १.३ पट निघाली. दगडी कोळशाचीही साधारण तेवढीच असते, पण तो निव्वळ योगायोग. मॅथिल्ड दगडाचीच, फक्त आतून निम्मी पोकळ असावी. २० किलोमीटरहून मोठी निदान पाच विवरं एकमेकांना खेटून असूनही ती फुटली कशी नाही, याचं उत्तर बहुधा यातच आहे. केव्हिन हाउसेन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये म्हटलं की तिथे आघातानं माती उधळली नाही, ती जागच्या जागी दबली. कुरमुऱ्यांच्या पोत्यावर बुक्की मारून पाहा.

घनतेच्या या आकड्यातलं वस्तुमान भक्कम आहे. मॅथिल्डच्या ओढीनं यानाचा वेग किंचित बदलला, तो रेडिओ लहरींच्या वारंवारतेवरून मोजला. घनफळाचं मात्र तसं नाही. पाहिलेला भाग निम्म्याच्या आसपास, बाकीचा आकार अंदाजानं पुरा केलेला. म्हणून त्या १.३ च्या पुढे ‘०.२ कमी-जास्त’ असं जोडलेलं असतं. मला तो आकडा त्या शेपटासकटच आवडतो.

उरलेल्या बाजूवर ऊन येईपर्यंत थांबणं ‘निअर’ला शक्य नव्हतं. ते एरॉसकडे गेलं आणि २००१ मध्ये त्याच्यावर उतरलं. मॅथिल्डकडे त्यानंतर कुठलंच यान फिरकलेलं नाही.

मी बटाट्यावर चमच्यानं कारू, इशिकारी, दामोदर कोरत बसलो होतो. मुलगी बराच वेळ बघत होती.

“बाबा, मागच्या बाजूला काहीच का नाही कोरलं?”

“तिकडे काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही.”

तिनं बटाटा उलटा करून पाहिला. मागे साल तशीच होती, आणि तिच्यावर एक डोळा फुटू लागला होता.