नॅरोबोट : सात फुटांतले घर

इंग्लंडच्या कालव्यांवर चालणारी नॅरोबोट लांबीला सत्तर-बहात्तर फुटांपर्यंत असते, रुंदीला मात्र सात फुटांच्या आत राहते. या रुंदीचे मूळ अठराव्या शतकात आहे. १७६१ साली खुल्या झालेल्या ब्रिजवॉटर कालव्यामुळे मँचेस्टरमध्ये कोळसा निम्म्या भावाने मिळू लागला आणि देशभर कालवे खणण्याची चढाओढ लागली. त्या कालव्याचा अभियंता जेम्स ब्रिंडली याने पुढे ट्रेंट अँड मर्सी कालव्यासाठी अरुंद लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारा दरवाजांचा हौद) निवडले. अरुंद लॉक बांधायला स्वस्त, त्याला पाणी कमी लागते आणि बोगदाही लहान चालतो. लॉक सात फुटी झाले, म्हणून बोटीही तेवढ्याच झाल्या.

काठावरून चालणारा एक घोडा पंचवीस-तीस टन माल ओढी. रेल्वे आल्यावर वाहतुकीचे दर कोसळले. काठावरच्या घराचे भाडे परवडेना, तेव्हा अनेक नावाड्यांनी बायकामुलांसह बोटीतच बिऱ्हाड थाटले. जेमतेम दहा फूट लांबीच्या खोलीत चूल, कपाट आणि घडीची खाट असे. दारांवर, डब्यांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले असत. त्या रंगांच्या देखणेपणामागे फार कष्टाचे जिणे होते, हे विसरता येत नाही. या कुटुंबांच्या आरोग्यासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी १८७७ साली कायदा करावा लागला. एल. टी. सी. रोल्ट यांनी ‘क्रेसी’ या बोटीतून केलेल्या प्रवासावरचे पुस्तक १९४४ साली निघाले आणि मरू घातलेल्या कालव्यांकडे लोकांचे लक्ष गेले. १९६२-६३च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि मालवाहतूक जवळजवळ संपली. आज मालाच्या जागी स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि झोपायची खोली असते.

बोटीवरचा दिवस इंजिनापासून सुरू होतो. तेल पाहायचे, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याशी पाणी झिरपू नये म्हणून ग्रीसचा स्क्रू थोडा फिरवायचा, मग खुंट्या उपटून दोर सोडायचे. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे वळते. बोट मध्यावर फिरत असल्याने मागची बाजू काठावर आपटणार नाही, हेही पाहावे लागते. वेगाची मर्यादा ताशी चार मैल आहे. बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही सावकाश जायचे, नाहीतर लाटेने त्यांचे दोर ताणले जातात. पंख्यात कापड किंवा तार अडकली, तर इंजिन बंद करून मागचे झाकण उघडायचे आणि गार पाण्यात हात घालून अडकलेले काढायचे.

खरे कसब लागते ते लॉकमध्ये. वर चढताना बोट रिकाम्या लॉकमध्ये घेतात, मागचे दरवाजे लावतात आणि विंडलास नावाच्या लोखंडी किल्लीने वरच्या झडपा हळूहळू उघडतात. पाणी भरत जाते, बोट वर येते. दोन्ही बाजूंचे पाणी समपातळीला आल्याशिवाय दरवाजा हलत नाही. कितीही जोर लावला तरी व्यर्थ. उतरताना धोका अधिक असतो. वरच्या दरवाजाखाली दगडी उंबरा असतो. बोटीची मागची बाजू त्यावर टेकली, तर पाणी उतरताना नाक खाली जाते आणि बोट बुडू शकते. म्हणून पांढऱ्या खुणेच्या पुढेच राहायचे आणि एकाने सतत झडपेजवळ थांबायचे. प्रत्येक वेळी सुमारे एक लाख लिटर पाणी खाली जाते. त्यामुळे समोरून येणाऱ्या बोटीच्या बाजूने लॉक तयार असेल, तर तिला आधी जाऊ देण्याची रीत आहे. वूस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावर टार्डबिगला असे ३० लॉक ओळीने आहेत. तिथे सगळा दिवस त्यातच जाऊ शकतो.

प्रवास सुखाचाही असतो. वेल्समधल्या पोंटकसिल्टे या १८०५ सालच्या जलसेतूवर बोट डी नदीच्या १२६ फूट वरून लोखंडी पन्हळीतून जाते. एका बाजूला कठडाच नाही.

संध्याकाळी बोट बांधली तरी कामे उरतातच. टाकीत पाणी भरायला ठरलेल्या नळावर जावे लागते, शौचालयाची पेटी ठरलेल्या ठिकाणीच रिकामी करावी लागते. वीज सौरपट्ट्यांतून किंवा इंजिनातून बॅटरीत साठते आणि पुरवून वापरावी लागते. हिवाळ्यात कोळशाची शेगडी पेटती ठेवावी लागते. अशा बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला डांबरी रंग दिला नाही, तर पोलाद गंजते.

इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे दोन हजार मैल जलमार्गांची देखभाल २०१२पासून ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’ करते. स्वतःचा कायमचा धक्का नसलेल्या बोटीला १९९५च्या कायद्यानुसार एका जागी सहसा सलग १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही. मुलांची शाळा किंवा रोजची नोकरी एका गावात असली, की हा नियम फार जाचतो. कालव्यावर राहायला जाणाऱ्याने बोट निवडण्याआधी या अटीचाच विचार करावा.